बोटीच्या केबिनमधला ओढता बेड: प्रश्न वाचकांचे, उत्तरं आमची

घरातल्या सुतारकामाचे प्रश्न या पानावर दर महिन्याला असतातच, यावेळी मात्र शिडाच्या बोटीतल्या कामाची पत्रं आलीत आणि तीही आपल्या कोल्हापुरातनं, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत आणि हे पान पूर्ण बोटीला दिलंय. सगळ्यांना विचारायचंय ते एकच, एवढ्याशा जागेत माणसानं आडवं कुठं आणि कसं व्हायचं, त्यामुळं उत्तरं एकमेकांना जोडून वाचा.

प्रश्न: नमस्कार. आम्ही दोघा मित्रांनी मिळून एक जुनी २२ फुटी फायबरची शिडाची बोट घेतली. एरवी रत्नागिरीच्या खाडीत असते, पावसाळ्यात काम करून घ्यावं म्हणून ट्रेलरवर घालून आंबा घाटातनं वर आणली, सध्या शिरोली एमआयडीसीत एका ओळखीच्या शेडमध्ये उभी आहे. केबिनमध्ये दोन्ही बाजूंना बाकं आहेत, प्रत्येक बाक ५२ सेंमी रुंद आणि १९३ सेंमी लांब, मधली वाट ५५ सेंमी. रात्री खाडीत नांगर टाकून मी, बायको आणि ७ वर्षांची मुलगी असं तिघांना झोपता यावं म्हणून डाव्या बाकाचा ओढून रुंद होणारा बेड करायचा विचार आहे. आमचे मिस्त्री म्हणतात घरातल्या सोफा-कम-बेडला लावतो तसं चॅनल लावू आणि ड्रॉवरसारखा ओढू. चॅनल चालेल का? आणि बेड किती रुंद होईल? दसऱ्यानंतर बोट खाली न्यायची आहे.
(एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: चॅनल नको. हे आधीच सांगतो म्हणजे मिस्त्री खरेदीला जायच्या आत तुमच्यापर्यंत पोचेल. टेलिस्कोपिक चॅनल म्हणजे झिंक चढवलेली लोखंडी पट्टी, आत छर्रे आणि ग्रीस, घरात ते वर्षानुवर्षं चालतं पण खारी हवा लागली की छर्रे आधी गंजतात आणि बेड अर्धा आत अर्धा बाहेर असा अडकून बसतो. शिवाय चॅनलला दोन्ही बाजू एकमेकींना अगदी समांतर लागतात आणि बोटीत समांतर असं फारसं काही नसतंच, बाजू नाळेकडं म्हणजे पुढच्या टोकाकडं निमुळत्या होत जातात, तळ वर चढत जातो, आणि लाटेवर अख्खी बोट थोडीशी पिळली जाते ती वेगळीच.

अशा कामाकडं बघताना मी एकच गोष्ट धरून बघतो. बेड बाहेर किती येतो हे नंतर, तो आत किती झटकन जातो हे आधी. रात्री दोनला वारा फिरला, नांगर सुटून बोट सरकायला लागली तर त्याच मिनिटाला कुणीतरी कॉकपिटमध्ये, म्हणजे बोट चालवायच्या मागच्या उघड्या जागेत पोचायला पाहिजे, आणि वाटेत बेड पसरलेला असेल तर तो माणूस अंधारात बेडवरनं, बायकोपोरांवरनं रांगत जाणार. म्हणून एका हातानं ढकलला की आत, बटण नाही, चावी नाही, उचलाउचल नाही, असाच बेड बोटीत करावा, दिसायला साधा असला तरी चालेल.

त्याला बोटवाल्यांची जुनी रीत आहे पट्ट्यांची. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि मग हात हळूहळू लांब न्या, बोटं सुटत नाहीत पण रुंदी वाढत जाते, बेड तसाच चालतो. बाकाच्या वरची प्लायची झाकणं काढायची आणि त्या जागी आडव्या लाकडी पट्ट्या घालायच्या, एक पट्टी बसती, एक सरकती, परत एक बसती, एक सरकती. बसत्या पट्ट्या मागं बोटीच्या बाजूला एका पट्टीवर आणि पुढं बाकाच्या दर्शनी फळीवर स्क्रूनं बसवायच्या. सरकत्या पट्ट्या फक्त पुढच्या दांडीला जोडायच्या, दांडी ओढली की त्या सगळ्या बसत्या पट्ट्यांच्या मधनं बाहेर येतात.

मापं अशी धरा. पट्टी पावणेदोन इंच रुंद म्हणजे ४५ मिमी, जाडी ६ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिमी), आणि सरकत्या पट्टीच्या दोन्ही अंगांना एकेक सूत फट. एक बसती, एक सरकती आणि दोन फटी मिळून ९६ मिमी होतात, तुमच्या १९३ सेंमी लांबीत अशा २० जोड्या बरोबर बसतात, म्हणजे एकूण ४० पट्ट्या. सागवानात केलं तर पट्ट्या आणि दांडी मिळून वजन पंधरा किलोच्या आसपास जाईल, निघणाऱ्या प्लायचं वजन त्यातनं वजा होतंच, तरी एवढ्याशा बोटीत एका अंगाला वजन वाढलं की ती त्या अंगाला कलते, तेव्हा पाण्याचे कॅन समोरच्या बाकाखाली ठेवा.

आता रुंदी. सरकत्या पट्टीचं मागचं टोक बेड पूर्ण ओढल्यावरही निदान १० सेंमी बाकातच राहायला पाहिजे, नाहीतर पुढच्या काठावर कुणी बसलं की मागची टोकं वर उसळतील. ५२ मधनं १० गेले, ४२ सेंमी बाहेर आला, एकूण रुंदी ९४ सेंमी म्हणजे तीन फूट एक इंच. एका मोठ्या माणसाला खांद्याशी ५५ ते ६० सेंमी लागतात, त्यामुळं दोन मोठी माणसं यावर दाटीवाटीनंच झोपणार, एखाद्या रात्रीपुरतं ठीक. माझं मत विचाराल तर ओढत्या बेडवर एक मोठं माणूस आणि मुलगी, आणि जो रात्री उठून नांगर बघणार त्यानं समोरच्या बाकावर एकट्यानं झोपावं, मग ते तुम्ही असा नाहीतर वहिनी. मध्ये १३ सेंमीची फट उरते ती फळी टाकून भरून काढावी असं वाटेल, नका भरू, अंधारात तिथं एक पाऊल टेकता येतं आणि त्यावरच तुम्ही उभे राहणार.

सगळ्यात मोलाचा तुकडा आहे तो बाहेरनं दिसत नाही. सरकत्या पट्ट्यांच्या मागच्या टोकांना खालच्या अंगानं एक आडवी पट्टी मारायची, तिला आपण अडसर म्हणू. बेड बंद असताना बाकाच्या आत मागनं पुढं बसवलेल्या तीन धावपट्ट्यांवर हा अडसर टेकतो म्हणून बसणाऱ्याचं वजन पेलतो, बेड ओढला की तो दर्शनी फळीला आतनं येऊन अडतो म्हणून बेड हातात निखळत नाही, आणि पुढं कुणी बसलं तर तो बसत्या पट्ट्यांच्या खालच्या अंगाला दाबून बसतो म्हणून मागची टोकं उचलत नाहीत. हा अडसर नुसत्या स्क्रूनं लावायचा, गोंद अजिबात नको, कारण तो काढल्याशिवाय बेड कधीच बाहेर निघणार नाही आणि कधीतरी तो काढावा लागणारच आहे. पुढच्या दांडीला दोन्ही टोकांना बल्कहेडवर म्हणजे केबिनच्या आडव्या भिंतींवर छोटे ठोकळे बसवून आधार द्या आणि मध्ये एक घडीचा पाय, तो बिजागरीवर दांडीखाली दुमडून राहील असा. पाय फ्लोअरला ठोकून टाकू नका, बेड झटकन आत जायचाय हे विसरू नका.

शीड उभारून बोट चालली की ती वीस-पंचवीस अंशांनी सहज कलते आणि तेव्हा हा बेड आपोआप खालच्या बाजूला घसरत बाहेर येतो, म्हणून बंद बेडला दोन कड्या पाहिजेतच, दांडीच्या दोन टोकांना, हाताच्या एका बोटानं सरकवता येतील अशा. एवढीच चावी मला मान्य आहे, ती पण फक्त चालत्या बोटीत लावायची, रात्री नांगरावर नाही.

आणि काम सुरू करायच्या आधी बाकाखाली बॅटरी घेऊन वाका आणि काय काय आहे ते कागदावर लिहा. सी-कॉक (बोटीच्या अंगातनं बाहेर जाणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व), पाइपांचे क्लॅम्प, वायरी, काही बोटींत कीलचे (तळाखालच्या वजनदार कण्याचे) नट सुद्धा तिथनंच हाताला लागतात. वरची झाकणं गेल्यावर या सगळ्याला पोचायचा रस्ता दर्शनी फळीतनं काढावा लागतो. पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर असलेल्या एक इंची कॉकचा पाइप निसटला तर मिनिटाला ५० लिटरच्या आसपास पाणी आत येतं, तेव्हा त्या कॉकवर हात बेड उघडा असला तरी आणि मिटलेला असला तरी सरळ गेला पाहिजे. फळीत दारं कापाल तेव्हा कोपरे गोल ठेवा आणि दोन दारांमध्ये भरपूर फळी सोडा, कारण बऱ्याच फायबरच्या बोटींत ही फळी नुसती शोभेची नसते, ती बोटीच्या अंगाला चिकटवलेली असते आणि बोट ताठ ठेवायचं कामही करते.

शेवटचं म्हणजे लाकूड विकत घ्यायच्या आधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणि दोन फळ्या घेऊन हा बेड खोटा खोटा उभा करा आणि तिघंही त्यावर झोपून बघा. कूस बदला, उठून बसा, डोकं कुठं आपटतं बघा, गादीपासून छतापर्यंत ९० सेंमी असतील तर माणूस ताठ बसतो. पाय नाळेकडं करून झोपायचं कारण तिकडं जागा निमुळती होते आणि पायांना कमी रुंदी चालते. मुलीला आत, बोटीच्या अंगाला झोपवा.

प्रश्न: (व्हॉइस मेसेज, ऐकून जसाच्या तसा उतरवलाय) नमस्कार सायेब. मी मंगळवार पेठेत सुतारकाम करतो. राजारामपुरीच्या सायबांची ती बोट हाय न्हवं, तिचं काम माझ्याकडंच हाय. त्यांनी तुमास्नी लिवलंय म्हणून कळलं, म्हटलं आपणबी इचारावं. घरातली कामं लय केल्यात, पण बोटीत गुण्या लावला तर काय काटकोनात येईना, ओळंबा सोडला तर त्यो तिसरीकडंच. फायबरला सरळ स्क्रू मारू का? आणि सागवान लय म्हाग पडतंय, मरीन प्लायच्या पट्ट्या पाडल्या तर चालतंय का?

उत्तर: मिस्त्री, बरं झालं तुम्ही स्वतः विचारलंत, कारण मालकानं कितीही वाचलं तरी हात तुमचा चालणार आहे.

ओळंबा तिरका येतोय कारण बोट ट्रेलरवर तिरकी उभी आहे. बोटीच्या अंगावर बाहेरनं पाण्याच्या रेषेची रंगाची पट्टी असते, गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घ्या आणि नाळ, मागची बाजू, डावं अंग, उजवं अंग अशा चारी ठिकाणी ती पट्टी एका लेव्हलला येईपर्यंत ट्रेलरखाली जॅक आणि ठोकळे लावा. एकदा हे झालं की ओळंबा आणि स्पिरिट लेव्हल दोन्ही खरं बोलायला लागतील. पण काम चालू असताना केबिनमध्ये माणसं चढतात उतरतात, ट्रेलरचं टायर दबतं, म्हणून रोज सकाळी एकदा तपासा. गुण्या मात्र बाजूलाच ठेवा. बोटीच्या अंगाला लागणारा प्रत्येक तुकडा पुठ्ठ्यावर आखून, कापून, लावून बघून, आणि तो पुठ्ठा बसला की मगच लाकडावर उतरवायचा, डावीकडचा साचा उजवीकडं बसेल असं धरून चालू नका, जुन्या बोटीत दोन्ही अंगं क्वचितच सारखी असतात.

फायबरच्या अंगाला स्क्रू अजिबात नाही. अशा बोटीचं अंग काही ठिकाणी जेमतेम अर्धा-पाऊण सेंटीमीटर जाड असतं, स्क्रू आरपार गेला तर गळती आणि नाही गेला तरी भोकातनं पाणी फायबरमध्ये मुरत राहतं. मागच्या पट्टीला इपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायच्या गोंदानं चिकटवायचं. जिथं चिकटवायचं तिथला रंग ६० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून कोरं फायबर दिसेपर्यंत काढा, अ‍ॅसिटोननं पुसा, लाकडाच्या दोन्ही बाजूंना पावडर घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीचा गोल कोपरा भरा आणि त्यावर ग्लास टेपचे (काचेच्या धाग्यांच्या कापडी पट्टीचे) दोन थर. एक बारीक गोष्ट आहे ती सहसा कुणी सांगत नाही: लाकडाची कड फायबरला थेट टेकवू नका, मध्ये फोमची चार-पाच मिमीची पट्टी घाला. कड टेकली की बोटीच्या अंगाला त्या रेषेवर कडक जागा तयार होते, लाटेचा मार बसला की फायबर बरोबर त्याच रेषेत वाकतं आणि काही वर्षांनी बाहेरच्या बाजूला चीर दिसायला लागते.

आपल्याकडच्या पावसाळी हवेत इपॉक्सी वाळल्यावर वर एक चिकट, मेणासारखा थर येतो. त्यावर तसाच दुसरा हात दिला तर तो धरत नाही, आधी साध्या पाण्यानं आणि स्क्रबरनं धुवा, वाळू द्या, घासा, मग पुढचा हात. केबिन म्हणजे बंद डबा आहे, आत घासताना आणि अ‍ॅसिटोन वापरताना वरची खिडकी आणि दार उघडं ठेवून पंखा लावा, आणि फायबर घासताना चांगला मास्क घाला, तोंडाला रुमाल बांधून ते होत नाही. पोराला हाताखाली घेणार असाल तर त्यालाही द्या.

आता प्लाय. प्लायच्या पट्ट्या पाडू नका. प्लायमध्ये एक पापुद्रा उभा, एक आडवा असतो, पावणेदोन इंचाची पट्टी पाडली की आडवे पापुद्रे वजन पेलत नाहीत, म्हणजे ६ सूत जाडीतली साधारण निम्मीच कामाला येते. पट्टीला सरळ रेषेचं सलग लाकूडच पाहिजे, गाठ नसलेलं. नवं सागवान महाग आहे हे खरंच, पण जुन्या वाड्यांचं पाडकाम झालं की तुळया, खांब, दारांच्या चौकटी विकायला येतात, ते लाकूड इतकी वर्षं वाळलेलं असतं की नंतर वाकत-पिळत नाही. त्यात मोडके खिळे असतात, रंध्याला लावायच्या आधी लोहचुंबक फिरवून बघा. आपल्याला लागतात अर्ध्या मीटरच्याच पट्ट्या, त्यामुळं तुकडेही चालतील, एवढं मालकाला समजावून सांगा, पैसे वाचतील.

प्लाय लागेल ती दारांना आणि धावपट्ट्यांना, ती घेताना शिक्का बघा, आयएस ७१० म्हणजे मरीन, आयएस ३०३ म्हणजे घरकामाची. ७१० चीही कापलेली कड उघडी ठेवायची नाही, इपॉक्सीचे दोन हात. स्क्रू ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे, उद्यमनगरात मिळतील. ३०४ चे स्क्रू पण स्टेनलेसच, पण खाऱ्या हवेत त्यावर तपकिरी डाग येतात, आणि लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाहीत, दोन्हीला तो जवळजवळ चिकटत नाहीच, म्हणून ओळखीच्या दुकानातनं, बिलावर ३१६ लिहून घ्या. साधे लोखंडी स्क्रू एकही आत राहता कामा नये.

पट्ट्यांच्या घासणाऱ्या कडांना वार्निश नको, दमट गरमीत वार्निश वार्निशला धरतं. कडा रंध्यानं थोड्या गोल करा आणि साधी मेणबत्ती घासा, दर मोसमाला एकदा.

प्रश्न: गेल्या डिसेंबरात मालवणला एका स्नेह्यांच्या बोटीत दोन रात्री राहिलो. सकाळी गादी उचलली की खालून ओली, फळीवर अक्षरशः पाणी. बोट गळत नव्हती, आम्ही नीट बघितलं. आता आम्ही स्वतःची १८ फुटी केबिनवाली बोट घेतोय आणि तिलाही तुम्ही पट्ट्यांचा म्हणता तसाच बेड करणार आहोत. गादीवाले म्हणतात कापसाची गादी सगळ्यात चांगली, उन्हात टाकली की झालं. कापूस घ्यावा का फोम? आणि ओढल्यावर जो भाग वाढतो त्यावर गादी कुठली टाकायची?
(एक वाचक, नागाळा पार्क)

उत्तर: ते पाणी तुमचंच होतं. माणूस रात्रभरात श्वासातनं आणि घामातनं पाव लिटर किंवा त्याहून जास्त पाणी हवेत सोडतो, दोन माणसं बंद केबिनमध्ये झोपली की ते जाणार कुठं, वर अंगाची ऊब आणि खाली थंड फळी, गादीतनं झिरपलेली वाफ फळीवर येऊन थंड होते आणि पाणी होतं. डिसेंबरात पहाटे गार पडतं म्हणून जास्त दिसलं. सपाट प्लायवर कुठलीही गादी टाका, हे होणारच. पट्ट्यांच्या बेडचा मला सगळ्यात आवडणारा गुण हाच आहे, ओढल्यावर पट्ट्यांमध्ये दोन-दोन इंच फट पडते आणि खालनं हवा फिरते. पण ती हवा बाकाखाली यायला पाहिजे ना, म्हणून दर्शनी फळीतल्या दारांना भोकं पाडा किंवा जाळी बसवा, आणि झोपताना वरची खिडकी बोटभर तरी उघडी ठेवा. केबिनमध्ये शेगडी पेटवत असाल तर तेव्हा खिडकी आणि दार दोन्ही पूर्ण उघडं, यात तडजोड नाही, आणि शेगडी पेटती ठेवून कधीच झोपायचं नाही.

कापसाची गादी बोटीत नको. कापूस पाणी धरतो आणि सोडत नाही, आणि त्यावर एकदा खारं पाणी उडालं तर मीठ आत राहतं, ते मीठ हवेतली ओल परत परत ओढून घेतं, मग तुम्ही ती आठवडाभर उन्हात टाकली तरी संध्याकाळी दमटच लागणार. फोम घ्या, ४० डेन्सिटीचा, ४ इंच जाड. ३ इंचात भागतं पण कुशीवर झोपणाऱ्या माणसाला कंबरेखाली पट्टी लागते. फोमला खारं पाणी लागलं तर लगेच गोड्या पाण्यात बुडवून, पिळून, परत बुडवून मीठ काढून टाका, नुसतं वाळवू नका. म्हणून खोळीला लांब चेन पाहिजे, एका पूर्ण बाजूनं, आणि चेन प्लॅस्टिकची, धातूची नको. खोळीचं खालचं कापड जाळीदार घ्यायला सांगा, वरचं तुमच्या आवडीचं. रेक्झिन दिसायला बरं, पुसायला सोपं, पण मे महिन्यात खाडीत त्यावर झोपून बघा म्हणजे कळेल, पाठीला चिकटतं आणि खालची वाफ कोंडून धरतं.

वाढलेल्या भागाला वेगळी गादी करूच नका, ती दिवसा ठेवणार कुठं? बाकाला टेकायची जी पाठीची गादी असते तीच वापरायची. तिची उंची बेड जितका बाहेर येतो तेवढीच ठेवा, म्हणजे ४२ सेंमी ओढणार असाल तर पाठ ४२ सेंमी उंच, आणि जाडी बसायच्या गादीएवढीच, सूतभरही कमी-जास्त नको नाहीतर रात्रभर तो जोड पाठीला टोचत राहतो. फोम कापायच्या आधी बेड पूर्ण तयार होऊ द्या आणि माप बेडवरनं घ्या, कागदावरनं नाही. गादीवाल्याला बोटीपर्यंत नेता आलं तर फार चांगलं, नाहीतर पुठ्ठ्याचे साचे द्या आणि त्यावर वर-खाली, नाळेकडची बाजू असं लिहून द्या. दिवसा बोटीवर कुणी नसेल तेव्हा गाद्या आडव्या ठेवू नका, कडेवर उभ्या करा.

प्रश्न: मी दहावीत आहे. आमच्या बाबांच्या २४ फुटी बोटीत आई-बाबांना दोन बाकं आहेत, लहान भाऊ नाळेकडच्या त्रिकोणात झोपतो, मला जागाच नाही, मी कॉकपिटमध्ये झोपते. ओढता बेड केला तर वाट बंद होते म्हणून बाबा नको म्हणतात, आणि दोन रात्रींसाठी बेडची चैन कशाला असंही म्हणतात. माझी उंची ५ फूट २ इंच आहे, वजन ४६ किलो. माझ्यासाठी काही होऊ शकतं का?
(एक वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर: होऊ शकतं, आणि तुझं तूच करू शकतेस. तुला पाइपचा झोपाळी बेड लागेल. एक इंची अ‍ॅल्युमिनियमचे जाड दोन पाइप, प्रत्येकी १७० सेंमी, मध्ये ६० सेंमी रुंदीचा कॅनव्हास, कॅनव्हासच्या दोन्ही लांब कडांना पाइप जाईल एवढी शिवलेली नळी. एक पाइप बाकाच्या वरच्या बाजूला बोटीच्या अंगाजवळ, दोन्ही टोकांना बल्कहेडवर बसवलेल्या लाकडी खाचांत टेकायचा. दुसरा पाइप दोन्ही टोकांना दोरीनं छताखालच्या मजबूत कड्यांना टांगायचा. दिवसा दोरी सोडली की कॅनव्हास गुंडाळून अंगाला लागून बसतो, खाली बसणाऱ्याला काही अडचण नाही आणि वाट तर मुळीच बंद होत नाही, बाबांचा मुद्दा बरोबर आहे आणि तो इथं सुटतो. बोट कलली तर दोरी कमी-जास्त करून बेड सपाट करता येतो, हे ओढत्या बेडला जमत नाही. खालच्या बाकावरच्या माणसाच्या वर निदान ५० सेंमी जागा राहते का तेवढं आधी मोज.

कड्या कुठं लावायच्या हे बाबांबरोबर ठरव. नुसत्या छताला स्क्रू मारून चालणार नाही, बल्कहेडला आरपार बोल्ट आणि मागं मोठा वॉशर पाहिजे. पहिल्यांदा टांगशील तेव्हा अगदी खाली, जमिनीपासून वीतभर वर टांग आणि बाबांना त्यावर बसव, तुझ्या दुप्पट वजन पेललं की मग वर घे.

चैनीबद्दल बाबांना एवढंच सांग. शिडाच्या बोटीतनं एकट्यानं जगाला फेरी मारायच्या २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात आपल्या भारताच्या अभिलाष टॉमींच्या थुरीया बोटीची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, आणि ओसिरिस हे फ्रेंच जहाज त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांना बोटीत नुसतं पडून राहावं लागलं. तेच टॉमी २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि दुसरे आले. तुम्ही खाडीतनं फार लांब जात नसाल, पण दुखलंखुपलं, बोट लागून उलट्या व्हायला लागल्या, तर आडवं व्हायला नीट जागा लागतेच, आणि ती चारही माणसांना एकाच वेळी असायला पाहिजे. कॉकपिटमध्ये रात्री झोपणं मला पटत नाही, झोपेत कडेवरनं खाली जायची भीती असते, बेड होईपर्यंत तिथं झोपलीस तर लाइफ जॅकेट घालून आणि कमरेला दोरी बांधून.

तुझ्या बेडच्या उघड्या बाजूला एक आडोसाही शिवून घे, कॅनव्हासचाच, ४ फूट लांब आणि गादीच्या वर दीड फूट उंच, खालची कड पाइपला आणि वरच्या दोन कोपऱ्यांना दोऱ्या, त्या वर बांधायच्या, एका ओढीत सुटतील अशी गाठ मारून. डोकं आणि पाय दोन्हीकडं मोकळं ठेव म्हणजे हवा येईल. खालच्या बाकांना पण असाच आडोसा कर, चालत्या बोटीत आई-बाबांपैकी कुणी झोपलं तर पडणार नाही. हेच राजारामपुरीच्या वाचकांनाही सांगायचंय, चालत्या बोटीत बेड मिटलेलाच ठेवा आणि अरुंद बाकावर आडोसा लावून झोपा, अरुंद जागेत अंग इकडंतिकडं लोळत नाही.

कॅनव्हास शिवायला ट्रकची ताडपत्री शिवणारे कारागीर गाठ, त्यांच्या मशिनीला जाड सुई असते, आणि धागा पॉलिस्टरचा वापरायला सांग, सुती धागा खाऱ्या हवेत कुजतो. कॅनव्हास सुती असेल तर तो भिजल्यावर आटतो, म्हणून आणल्यावर आधी रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, आणि मग कापायला दे.